खुलासा: दोन केबल लावल्याने स्पीड दुप्पट होत नाही

अंधेरीतल्या आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘ऑफिसात छोटा स्विच बसवताना मोठ्या स्विचपासून दोन केबल ओढा, स्पीड दुप्पट.’ (स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, ऑफिसातले कॉम्प्युटर-प्रिंटर केबलने एकमेकांना जोडणारी डबी.) पाठवणाऱ्याचा हेतू मदतीचाच होता, पण हे चूक आहे. उलट सगळ्या ऑफिसचं नेट झोपतं.

साध्या स्विचला दोन वाटा दिल्या की लूप तयार होतो. ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेलं डेटाचं पाकीट, त्यात गोल गोल फिरत राहते, कारण इथरनेटच्या (म्हणजे केबलच्या नेटवर्कच्या) फ्रेमला आयुष्याची मर्यादाच नसते. शनिवारी सगळे गेल्यावर दोन जुन्या स्विचवर करून पाहिलं. काही सेकंदांत स्विचवरचे झाडून सगळे दिवे एकसाथ फडफडायला लागले, प्रिंटर नेटवर्कवरून गायब. एक केबल उपटली, दिवे शांत.

दोन केबल एकत्र चालवता येतात, हे खरं. पण त्यासाठी दोन्हीकडे लिंक ॲग्रिगेशन (दोन केबल एकच समजून चालवण्याची सोय) असलेले मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारे, स्विच लागतात, सेटिंगही करावं लागतं. आठ पोर्टच्या साध्या डबीत ते नसतं.

तेव्हा केबल एकच, 100 मीटरच्या आत. ॲडॉप्टर डबीसोबत आलेलाच. आणि एसीचं पाणी ठिबकतं त्याच्याखाली डबी ठेवू नका, आमच्याकडे तेही झालंय.

तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.