आन लुशानचे बंड आणि तीन कोटी साठ लाखांची वजाबाकी

मानवी इतिहासातील सर्वांत संहारक युद्धांच्या ज्या याद्या समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांत आठव्या शतकातील एका चिनी बंडाचे नाव हमखास वरच्या क्रमांकावर असते. मजकूर साधारण असा असतो: इ.स. ७५५ ते ७६३ या काळात तांग साम्राज्यात सेनापती आन लुशान याने उभारलेल्या बंडात ३ कोटी ६० लाख माणसे मारली गेली; साम्राज्याची दोन तृतीयांश आणि तेव्हाच्या जगाची एक षष्ठांश लोकसंख्या नाहीशी झाली; हे आकडे दरबाराच्या अधिकृत जनगणनेतले असल्याने त्यांवर शंका घेण्याचे कारण नाही; आणि महाकवी दू फू याच्या कवितांत त्याची प्रत्यक्षदर्शी साक्षही आहे. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांच्या २०११ च्या पुस्तकाने हा आकडा जगभर पोहोचवला. तो वादग्रस्त असल्याचे त्यांनी टिपेत नोंदवले होते, परंतु पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरात ती टीप कुठेच येत नाही. या दाव्यातील एकेक विधान चिनी साधनांशीच ताडून पाहणे आवश्यक आहे.

‘बंडात ३ कोटी ६० लाख माणसे मारली गेली, असे चिनी इतिहासात लिहिले आहे.’ असे कुठल्याही तांगकालीन किंवा तांगोत्तर इतिहासग्रंथात लिहिलेले नाही. ८०१ मध्ये दरबाराला सादर झालेला दू योऊ याचा राज्यव्यवस्थेवरील कोश, ९४५ मध्ये पूर्ण झालेला तांग राजवंशाचा जुना इतिहास, १०६० चा नवा इतिहास आणि १०८४ मध्ये सिमा ग्वांगने पूर्ण केलेला बखरवजा महाग्रंथ, या चारही ठिकाणी इतकी माणसे मेली असे विधान नाही. या साधनांत दोन स्वतंत्र नोंदी मिळतात. ७५५ साली दफ्तरात ५,२९,१९,३०९ माणसे होती आणि ७६४ साली १,६९,२०,३८६ होती. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की ३,५९,९८,९२३ उरतात आणि हाच तो प्रसिद्ध आकडा. ही वजाबाकी आधुनिक वाचकांनी केलेली आहे, आणि तिला अर्थ यायचा तर दोन्ही वेळा एकाच प्रदेशातील, एकाच रीतीने आणि सारख्याच कसोशीने मोजणी झालेली असली पाहिजे. तशी ती झालेली नव्हती.

‘ती अधिकृत जनगणना होती.’ अधिकृत होती हे खरे, पण तिचा हेतू माणसे मोजण्याचा नव्हता. तांग राज्यात प्रत्येक सज्ञान, धडधाकट पुरुषावर धान्य, कापड आणि वर्षाला वीस दिवसांची वेठ अशी ठरीव देणी होती, आणि ती वसूल करण्यासाठी दर तीन वर्षांनी कुटुंबवार नोंदवह्या तयार होत. नाव वहीत चढले की कर आणि वेठ मागे लागे. म्हणून नाव न चढू देण्यात कुटुंबाचे हित असे, आणि गावच्या मुखियाचेही बऱ्याचदा त्यात साटेलोटे असे. वायव्य सीमेवरील दुनहुआंगच्या गुहेत सापडलेल्या कागदांत ७४७ सालच्या एका नोंदवहीचे तुकडे आहेत, त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या मानाने विलक्षण मोठी दिसते. कर चुकवण्यासाठी पुरुषांची नावे दडवली गेली असावीत, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. हे बंडाच्या आठ वर्षे आधीचे, शांततेच्या काळातले कागद आहेत.

ही दडवादडवी दरबाराला चांगली ठाऊक होती. ७२१ नंतरच्या तीन-चार वर्षांत युवेन रोंग या अधिकाऱ्याने निरीक्षक पाठवून शोध घेतला, तेव्हा नोंदीबाहेरची सुमारे आठ लाख कुटुंबे उजेडात आली. ७२६ साली साम्राज्यातील एकूण नोंदलेली कुटुंबे सुमारे ७१ लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे या संख्येचे वजन कळते. स्वतः दू योऊनेही बंडाच्या आदल्या काळात खरी कुटुंबे किमान १ कोटी ३० ते ४० लाख असावीत असा अंदाज दिला आहे, तर दफ्तरात होती ८९ लाख. हा माणूस पुढे प्रधानपदावर पोहोचलेला आणि वित्तखात्याचा कारभार पाहिलेला होता. दफ्तरातील उणीव त्याने आतून पाहिली होती. त्याच्या मताला मी आजच्या कोणत्याही यादीकारापेक्षा जास्त किंमत देतो.

चूक उलट दिशेनेही होत असे. सम्राट श्वानझोंगच्या काळात सीमेवर मेलेल्या सैनिकांचे मृत्यू कळवायला सेनापती टाळाटाळ करीत, त्यामुळे त्यांची नावे वहीतून कमी होत नसत आणि त्यांच्या घरच्यांकडून वर्षानुवर्षांची थकबाकी मागितली जाई, असे जुन्या इतिहासातील यांग यान या प्रधानाच्या चरित्रात स्पष्ट नमूद आहे. जिवंत माणसे वहीबाहेर आणि मेलेली वहीत, अशी ७५५ च्या ‘पक्क्या’ आकड्याची स्थिती होती.

‘७६४ चा आकडा म्हणजे वाचलेल्या माणसांची संख्या.’ संपूर्ण दाव्याचा डोलारा या एका गृहीतकावर उभा आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. ७६० सालच्या मोजणीचा तपशील दू योऊने दिला आहे. त्या वर्षी १६९ जिल्ह्यांचा हिशेब आला, असे तो लिहितो. ७५४ मध्ये साम्राज्यात ३२१ जिल्हे होते, म्हणजे जवळजवळ निम्म्या साम्राज्याचा या मोजणीत पत्ताच नाही. तरीही माणसांची संख्या भरते १,६९,९०,३८६ आणि कुटुंबे १९,३३,१७४. ७५५ मध्ये दर कुटुंबामागे सहापेक्षा किंचित कमी माणसे होती. येथे ती जवळजवळ नऊ होतात. युद्धाने घरे रिकामी होत असताना कुटुंबे इतकी मोठी कशी झाली, याचे समाधानकारक उत्तर नाही.

आता ही नोंद ७६४ च्या शेजारी ठेवून पाहावी. चार वर्षांत कुटुंबे १९,३३,१७४ वरून २९,३३,१२५ होतात, म्हणजे जवळपास नेमकी दहा लाखांनी वाढतात. आणि माणसे १,६९,९०,३८६ वरून १,६९,२०,३८६ होतात, म्हणजे बरोबर सत्तर हजारांनी घटतात. शेवटचे अंकसुद्धा तेच राहतात. दोन स्वतंत्र मोजण्यांचे निष्कर्ष असे कधीच येत नाहीत. एक आकडा दुसऱ्यावरून उतरवला गेला किंवा नकलताना कुठेतरी बिघडला, असेच मानावे लागते. ज्या आकड्याच्या आधारे जगाच्या एक षष्ठांश लोकसंख्येच्या मृत्यूचे विधान केले जाते, त्याचा हा दर्जा आहे.

शिवाय बंड शमले तरी ते जिल्हे दरबाराच्या हाती परत आले नाहीत. ईशान्येकडील हेबेई प्रांतात बंडखोरांच्याच सेनापतींना माफी देऊन सुभेदार नेमावे लागले; त्यांनी आपापले कर स्वतःच वसूल केले आणि राजधानीला नोंदवह्या पाठवल्या नाहीत. वायव्येकडील हशी आणि लोंगयोऊ हे प्रांत तिबेटी सैन्याने क्रमाक्रमाने घेतले, आणि ७६३ च्या अखेरीस तर चांगआन ही राजधानीच पंधरा दिवस तिबेटींच्या ताब्यात होती. बंडाला चव्वेचाळीस वर्षे उलटल्यावर, ८०७ मध्ये, प्रधान ली जिफूने राज्याच्या जमाखर्चाचा ताळेबंद सादर केला. त्यात पंधरा सुभ्यांतील ७१ जिल्हे कुटुंबसंख्या कळवतच नाहीत आणि नियमित महसुलाची सारी भिस्त आग्नेयेकडील आठ सुभ्यांच्या ४९ जिल्ह्यांवर आहे, असे त्याने उघडपणे लिहिले. त्या ७१ जिल्ह्यांत माणसे राहत होती, शेती करत होती आणि आपल्या सुभेदाराच्या सैन्यात भरतीही होत होती. शिधापत्रिका रद्द झालेल्या माणसाला कोणी मृत धरत नाही. तोच न्याय या जिल्ह्यांना लावायला हवा.

‘उरलेले लोक गेले कुठे?’ हा प्रश्न प्रतिवादाला उत्तर म्हणून विचारला जातो आणि तो रास्त आहे. वर सांगितलेल्या जिल्ह्यांव्यतिरिक्त त्याचे मोठे उत्तर दक्षिणेत सापडते. ली जिफूनेच संकलित केलेल्या भूगोलग्रंथात अनेक जिल्ह्यांची बंडापूर्वीची आणि ८१० च्या आसपासची कुटुंबसंख्या शेजारी शेजारी दिली आहे. सूचौ जिल्हा ६८,०९३ कुटुंबांवरून १,००,८०८ वर गेला. आजच्या नानचांगभोवतीचा होंगचौ ५५,४०५ वरून ९१,१२९ वर. उत्तरेतील मैदान सोडून परागंदा झालेली कुटुंबे यांग्त्सेच्या दक्षिणेला वसली, आणि त्यांतली कितीतरी नोंदलीच गेली नाहीत किंवा बड्या जमीनदारांच्या आश्रयाला राहिली. ७८० च्या सुमारास निरीक्षकांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा मूळ रहिवासी कुटुंबे १८ लाखांवर आणि उपरी कुटुंबे १३ लाखांवर भरली. दर पाच नोंदलेल्या कुटुंबांत दोन बाहेरून आलेली होती.

दफ्तरातील अशी घसरण चिनी इतिहासात एकदाच झालेली नाही. सुई राजवंशाच्या ६०९ च्या नोंदीत ८९ लाख कुटुंबे आहेत. दहा-पंधरा वर्षांनी तांग सत्ता स्थिरावत असताना सुमारे २० लाखच उरतात. हान काळातील १५७ सालच्या ५,६४,८६,८५६ माणसांनंतर २८० साली १,६१,६३,८६३ माणसे दिसतात. केंद्रसत्ता मोडली की प्रत्येक वेळी आकडा तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली कोसळतो आणि सत्ता सावरली की पुन्हा वर चढतो.

‘दू फूच्या कविता हा प्रत्यक्षदर्शी पुरावा आहे.’ पुरावा निश्चितच आहे आणि तो वाचताना आजही जीव कळवळतो. पण तो कशाचा पुरावा आहे हे कविता पूर्ण वाचून ठरवावे. ७५९ च्या वसंतात, येचंगच्या वेढ्यात सरकारी सैन्याची वाताहत झाल्यावर, लुओयांगहून परतीच्या वाटेवर त्याने सहा कविता लिहिल्या. त्यांपैकी एकीत शिहाव गावी रात्री भरतीचा शिपाई येतो, म्हातारा भिंतीवरून उडी टाकून पळतो, आणि म्हातारी दारात उभी राहून सांगते की तीन मुलगे लढाईवर होते, दोन नुकतेच मारले गेले, घरात आता पुरुष नाही. मग ती स्वतःच सैन्याचा स्वयंपाक करायला निघते. या एका घरात मृत्यूही आहे आणि नोंदीतून निसटणेही आहे. भिंतीवरून पळालेला तो म्हातारा शिपायाच्या हिशेबी अस्तित्वात नाही. दुसऱ्या कवितेत युद्धावरून परतलेला सैनिक सांगतो की आपल्या आळीत शंभरावर घरे होती, अंदाधुंदीत जो तो पूर्व-पश्चिमेला पांगला. जे जगले त्यांची खबर नाही आणि जे मेले त्यांची माती झाली. मेलेले आणि पांगलेले यांना कवीने वेगळे ठेवले आहे. दावा करणाऱ्यांनी ते एकत्र केले.

खुद्द दू फू ७५९ च्या अखेरीस कुटुंबासह दक्षिणेकडे निघून चंगतूला पोहोचला आणि पुढची वर्षे त्याने भटकंतीतच काढली. बंड सुरू होण्याच्या वेळी लिहिलेल्या दीर्घ कवितेत, आपल्याला जन्मभर करमाफी आहे आणि आपले नाव भरतीच्या यादीत नाही, असे त्याने लाजेने कबूल केले आहे.

‘आकडा नाकारणे म्हणजे संहार नाकारणे.’ असे मुळीच नाही. बंडखोरांनी सुईयांग शहराला घातलेल्या ७५७ च्या वेढ्यात सरकारी सेनापती झांग श्युनच्या सैन्याने अन्न संपल्यावर माणसे खाल्ली. खाल्ल्या गेलेल्या माणसांची संख्या जुना इतिहास वीस-तीस हजार देतो, आणि शहर पडले तेव्हा चारशेच माणसे शिल्लक होती असे सिमा ग्वांग लिहितो. चंथाव येथे ७५६ मध्ये एका दिवसात चाळीस हजार सैनिक पडल्याचे दू फूच्या कवितेत आणि इतिहासग्रंथांत, दोन्हीकडे आहे. ७६४ मध्ये धान्यवाहतुकीचा कालवा पुन्हा सुरू करण्यासाठी फिरलेल्या ल्यू यान या अधिकाऱ्याने प्रधानाला पत्र लिहून कळवले की लुओयांगच्या आसपास पाचशे ली (अंतराचे चिनी माप) अंतरात नोंदलेली कुटुंबे हजारभरच आहेत. लाखो माणसे तलवारीने, उपासमारीने आणि रोगांनी मेली याबद्दल कोणाही गंभीर अभ्यासकाचे दुमत नाही. पण सुईयांगचे लोक कसे मेले हे ठाऊक असणे आणि साऱ्या साम्राज्यातले मृत कर-दफ्तरातून वजा करून काढणे यांत फार अंतर आहे, आणि दुसऱ्या रीतीने पहिल्यांचा मान राखला जात नाही.

‘आकडा थोडा फुगलेला असला तरी काय बिघडते?’ बिघडते ते असे की त्याखाली त्या काळातील खरा बदल दिसेनासा होतो. माणसे मोजणे जमेना तेव्हा दरबाराने ७५८ पासून मिठाची मक्तेदारी उभारली. मीठ सर्वांनाच घ्यावे लागते, त्यामुळे घेणाऱ्याचे नाव वहीत असण्याची गरजच उरली नाही. ल्यू यानच्या कारभारात हे उत्पन्न इतके वाढले की ७७९ च्या सुमारास राज्याचा निम्मा महसूल मिठातून येऊ लागला. दोन तृतीयांश गिऱ्हाइके मेलेल्या देशात असे घडणे शक्य नाही. पाठोपाठ ७८० मध्ये यांग यानने माणशी कर रद्द करून वर्षातून दोनदा, ऐपतीप्रमाणे घ्यायचा कर आणला. त्याच्या निवेदनात तक्रार आहे ती जुन्या वह्यांतील नावे, जमिनी आणि ऐपत यांचा प्रत्यक्षाशी मेळ उरला नसल्याची आणि महसूल खाते त्याच पोकळ कागदांच्या बेरजा करत बसल्याची. त्यावर त्याने सुचवलेला आणि सम्राट दझोंगने मंजूर केलेला उपाय असा होता की मूळचा कोण आणि उपरा कोण हा भेद यापुढे करू नये, जे कुटुंब आज जिथे राहते तिथेच त्याचे नाव लिहावे.