डायर एकटा नव्हता

बैसाखी जवळ आली की एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात असा: जालियनवाला बाग हे डायर या एका माथेफिरू लष्करी अधिकाऱ्याचं कृत्य होतं, जमावही काही शांत नव्हता, सरकारनं त्याला शिक्षा केली, आणि आपल्याकडच्या मोठ्या लोकांनी तेव्हा तोंडसुद्धा उघडलं नाही.

आधी जमावाचं. १० एप्रिल १९१९ला अमृतसरमध्ये जाळपोळ झाली, पाच युरोपियन मारले गेले. खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण त्याआधी त्याच दिवशी, किचलू आणि सत्यपाल या पकडलेल्या पुढाऱ्यांना सोडा म्हणत निघालेल्या लोकांवर गोळ्या चालल्या होत्या. नेमकं हेच वाक्य गाळलं जातं. १३ तारखेला बागेत जमलेले लोक भाषणं ऐकत होते. त्यांतले कित्येक बैसाखीसाठी खेड्यांतून आलेले, सभाबंदीची दवंडी त्यांच्या कानावरही गेली नव्हती. इशारा न देता दहाएक मिनिटं गोळीबार, १६५० गोळ्या. सरकारी हिशेबानं ३७९ मेले, काँग्रेसच्या चौकशीत हा आकडा हजाराच्या घरात गेला.

आता 'माथेफिरू'. या प्रकरणाच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या हंटर समितीवर मुंबईचे चिमणलाल सेटलवाड होते. चिलखती गाड्या आत जातील इतकी वाट रुंद असती तर मशिनगन चालवली असती का, असं त्यांनी डायरला विचारलं. उत्तर आलं: बहुधा हो. गोळ्या न झाडताही लोकांना पांगवता आलं असतं, हेही त्यानं कबूल केलं. पण मग ते परत येऊन आपल्याला हसले असते म्हणे! डोकं फिरलेला माणूस इतका हिशेबी नसतो. आणि एकटा तर तो नव्हताच. कारवाई बरोबर आहे, पंजाबच्या लेफ्टनंट गव्हर्नरना मान्य आहे, असा निरोप त्याला वरून आला होता. हे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे ओ'ड्वायर. १४ तारखेला गुजरांवाल्यावर विमानातून बाँब पडले, तिथं डायर नव्हता.

शिक्षेचं म्हणाल तर समितीपुढे साक्षी सुरू होण्याआधीच, सप्टेंबरात, अधिकाऱ्यांना खटल्यांपासून वाचवणारा कायदा मंजूर झाला. डायरची नोकरी गेली, ती १९२०मध्ये. खटला कधीच नाही. ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहानं १२९ विरुद्ध ८६ मतांनी त्याची बाजू घेतली आणि 'मॉर्निंग पोस्ट' या लंडनच्या वृत्तपत्रानं त्याच्यासाठी २६ हजार पौंडांवर निधी जमवला. आमच्याकडे याला सत्कार म्हणतात.

राहिलं तोंड उघडण्याचं. टागोरांनी 'सर' हा किताब परत केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले शंकरन नायर खुर्ची सोडून बाहेर पडले. पुढे पुस्तकात ओ'ड्वायरला दोष दिला म्हणून लंडनच्या कोर्टात हरले आणि ५०० पौंडांची नुकसानभरपाई द्यायची पाळी त्यांच्यावर आली.

'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक बेंजामिन हॉर्निमन तर जन्मानं इंग्रज. रौलट कायद्यावर आणि पंजाबातल्या दडपशाहीवर त्याचा पेपर तुटून पडत होता. गोळीबाराला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच सरकारनं त्याला पकडून विलायतेच्या बोटीत बसवलं. खटला वगैरे काही नाही. डायर तेव्हा नोकरीत होता, पुढच्याच महिन्यात तो अफगाण आघाडीवर फौज घेऊन गेला. हॉर्निमनला मुंबईत परतायला १९२६ उजाडलं.

फोर्टातल्या ज्या गोल बागेत दुपारी ऑफिसवाले डबे उघडतात, तिला आधी एल्फिन्स्टन या गव्हर्नरचं नाव होतं. आता हॉर्निमन सर्कल म्हणतात.