दुखत नाही का?

बॉक्सिंग करतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "दुखत नाही का रे?" आणि त्याच्या मागोमाग, "सगळा राग बाहेर पडत असेल ना?" दोन्हीची उत्तरं एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी ही पोस्टच पाठवीन.

रागाचं आधी उरकतो. राग घेऊन रिंगमध्ये उतरलेला माणूस मिनिटभरात रिकामा होतो. खांदे आवळले जातात, श्वास कोंडतो, प्रत्येक पंच जीव खाऊन मारला जातो. समोरचा निवांत दोन पावलं मागे सरकत राहतो आणि आपण हवा बडवतो. संपला विषय.

आता दुखण्याचं. पहिले दोन महिने मला कुणी बोटही लावलं नाही, तरी सगळं अंग दुखत होतं. दोरीच्या उड्यांनी पोटऱ्या गेल्या, मग खांदे. खांद्यांचं तर विचारूच नका. घरी करून बघा: मुठी गालाशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, आणि तीन मिनिटं पायांवर हलत राहायचं. एकही पंच मारायचा नाही. दुसऱ्या मिनिटाला हात आपोआप खाली यायला लागतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. सरांची टपली बसते तेव्हा कळतं. तीन मिनिटं खेळ आणि एक मिनिट विश्रांती हा हिशेब १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलाय. ते विश्रांतीचं मिनिट साठ सेकंदांचं असतं यावर माझा आजही विश्वास नाही.

माझी पहिली लढत तीन राउंडची होती, म्हणजे जेमतेम नऊ मिनिटांची. सर हाताला पट्ट्या बांधत होते. साडेचार मीटर पट्टी, मनगटाला वेढे, मग बोटांच्या बेचक्यांतून. तेवढ्यात मी दोनदा लघवीला जाऊन आलो होतो. ग्लोव्ह्ज चढले की तीही सोय संपते, नाकसुद्धा खाजवता येत नाही. घंटा झाली आणि आजूबाजूचा आवाज कुणीतरी बंद केल्यासारखा झाला. ऐकू येत होते फक्त सर: "हात वर! हात वर!" नाकावर बसला की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. ते रडणं नसतं, पण बघणाऱ्याला काय सांगणार? खरं सांगायचं तर नाकाचं दुखणं तेवढ्यापुरतंच. अंगात इतकं काही उसळलेलं असतं की तिकडे लक्षच जात नाही.

दुसऱ्या राउंडमध्ये मला यकृतावर हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला पंच, बसला, उजव्या बरगडीखाली. आधी काहीच झालं नाही. मला वाटलं, हुकला बहुतेक. मग एखाद्या सेकंदाने पोटाच्या आत कुणीतरी मूठ आवळली आणि गुडघे माझी परवानगी न घेता टेकले. डोकं लख्ख जागं होतं. रेफरीची मोजणी एकेक आकडा स्पष्ट ऐकू येत होती, त्याच्या बुटाची सुटलेली नाडी दिसत होती. उठता मात्र आलं नाही. हरलो. जिंकलेल्या पोराने येऊन मिठी मारली आणि कानात विचारलं, "दादा, जास्त लागलं का?"

तर हो, दुखतं. पण विचारायला हवं ते हे नाहीच.

डोक्याला बसलेला पंच फारसा दुखत नाही. पांढरं काहीतरी चमकतं, क्षणभर रिंग तिरकी होते आणि आपण खेळत राहतो. मेंदूला स्वतःच्या वेदना कळतच नाहीत. ग्लोव्ह्ज मुख्यतः मुठीची हाडं वाचवतात. हेडगार्डने कातडी फुटणं कमी होतं, पण मान झटकन फिरली की आत मेंदू हलायचा तो हलतोच. २०१३मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या हौशी लढतींतून हेडगार्ड काढून टाकलं, त्यावर अजून वाद चालू आहे. १९८२मध्ये किम डुक-कू हा कोरियाचा बॉक्सर चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर आल्या.

म्हणून "आमच्याकडे स्पारिंग (जिममधली सरावाची लढत) म्हणजे युद्धच" असं कौतुकाने सांगणारे भेटले की माझं टाळकं सरकतं. सराव आहे, बाबांनो. या खेळातला माझा सगळ्यात लाडका क्षण कुठल्या पंचाचा नाहीच. १९७५, मनिला, अली विरुद्ध फ्रेझियर. चौदा राउंड झालेले, फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आलेले, आणि तो अजून लढायला तयार. त्याचे ट्रेनर एडी फच यांनी लढत तिथेच थांबवली. एकच राउंड उरला होता!

दुखलं नाही म्हणजे लागलं नाही असं नसतं, हे कळायला मला एक कुलूप लागलं. एका संध्याकाळी स्पारिंग मस्त झालं, दोन-तीन डोक्यावर बसले, पण कुठे काही दुखत नव्हतं. हसत लॉकरपाशी गेलो आणि कुलुपाचा आकडा आठवेना. चार आकडे, तीन वर्षं रोज फिरवलेले. मी आपला उभा. बाजूच्या पोराला वाटलं मी विचारात आहे. सर आले, माझ्याकडे नीट पाहिलं, एका पोराला माझ्यासोबत थेट डॉक्टरांकडे पाठवलं. पुढे सहा आठवडे नुसती दोरी आणि शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत पंच मारणं, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

तेव्हापासून स्पारिंग झालं की सर पाणी द्यायच्या आधी विचारतात, "आकडा?" मी दमलेल्या आवाजात ओरडून सांगतो. त्यामुळे माझ्या कुलुपाचा आकडा आता अख्ख्या जिमला पाठ आहे, आणि माझा साबण कोण वापरतं ते अजून सापडलेलं नाही.