नऊ किलो बीड
तुम्ही कधी नऊ किलोचं बीड कुशीत घेऊन विमानं बघितलायसा काय? मी बघितलोय.

झालं असं, वास्कोत एका पार्टीला सॅम्पल द्यायचं होतं, उद्यमबागच्या आमच्या फौंड्रीतली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, व्हॉल्व्हची बॉडी, परचेसवाले साहेब अकराला या म्हणाले म्हणून बेळगावातनं पहाटेची बस धरली, चोर्ला घाटाच्या प्रत्येक वळणाला ती बॉडी मांडीवर इकडून तिकडं, आणि उतरतोय तर फोन, साहेब मीटिंगमधे आहेत, चारला या.

सोबत क्वालिटीतला दादा. घर सांबऱ्याला, एअरफोर्सच्या ट्रेनिंग स्कूलच्या गावात, म्हणून विमानातलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्याचा हिशोब. "चारपर्यंत हितं काय करायचं ओ? बोगमाळोच्या वाटेवर नेव्हीच्या विमानांचं म्युझियम हाय, चला की." चला म्हणाला, पिशवी उचलली नाही. त्याची डिस्क सरकलीय. उचलायचं काही निघालं की सरकते.

गोव्यात मोटारसायकलवरनं भाडं मारणाऱ्याला पायलट म्हणतात. म्हणजे विमानं बघायला आम्ही पायलटच्याच मागं बसून गेलो, पुढं पायलट, मधे बीड, मागं मी. चढाला गाडी कण्हायला लागली तसं त्यानं दोनदा वळून पिशवीकडं बघितलं.

गेटवर पिशवी उघडायला लावली.
"ये क्या है?"
"कास्टिंग है सर."
"कौन सी पिक्चर का?"

म्युझियम १९९८ चं, विमानं बहुतेक उघड्यावर, सावली कमी. सगळ्यात दांडगं सुपर कॉन्स्टेलेशन, चार इंजिनं, शेपटाला तीन उभे पंख. आधी एअर इंडियात पॅसेंजर न्यायचं, मग एअरफोर्समधे, शेवटी नेव्हीत समुद्रावर पहारा. आमच्या फौंड्रीत रिटायर झाल्यावर वॉचमन म्हणून परत येतात तसं. अलिझे बघून दादा म्हणाला, हे ट्रेनिंगचं. बोर्डावर लिहिलेलं, पाणबुड्या शोधणारं. दादा म्हणाला, बोर्ड चुकलाय.

सी हॉकसमोर मात्र तोही गप्प. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांत युद्धनौकेवरनं उडून ह्यांनीच पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले, आणि ते विमान आपल्या हाताएवढ्या अंतरावर उभं, एवढंसं तर दिसतंय, ह्यात बसून माणूस समुद्रावर जायचा आणि परत त्या हलत्या जहाजावर उतरायचा. दोन मिनिटं खांदा दुखायचा थांबला खरं. मग वाचलं, जहाजावर जागा कमी म्हणून ह्याचे पंख वर दुमडतात. पिशवीकडं बघितलं. आमचं काही दुमडत नाही.

सी हॅरियर जागच्या जागी उभं उतरायचं, २०१६ ला रिटायर झालं. मी त्याच्याजवळ तसाच उतरलो, खाली, पिशवीसकट. दादानं फोटो काढला. पिशवी बाजूला कर म्हणाला, फोटो खराब होतोय.

बाहेर तोच पायलट उभा. मी बीड परत मांडीवर घेतलं तसं तो म्युझियमकडं बघत हळहळत म्हणाला, "तांकां दिवपाक हाडिल्लें न्हय हें? घेवंक ना तांणीं?"