वाचून झालेले पुस्तक

सदाशिव पेठेतील एका वाचनालयात गेल्या आठवड्यात माझा जो पाणउतारा झाला, तो करणारे गृहस्थ एव्हाना सगळे विसरूनही गेले असतील. मला मात्र तो दाढी करताना, रिक्षाची वाट पाहताना आणि विशेषतः रात्री दिवा मालवल्यावर शब्दशः आठवतो. काउंटरवरच्या बाईंकडे मी फक्त 'ययाति' मागितली होती. विशीच्या आत वाचलेली पुस्तके आता पन्नाशीनंतर पुन्हा वाचावीत, असे मनात आले होते, एवढेच.

"कुणासाठी हवीये?" असा प्रश्न बाजूच्या बाकावरून आला. तिथे पंचाहत्तरीचे एक काका वाचनालयाच्याच वर्तमानपत्रातील शब्दकोडे वाचनालयाच्याच, दोरीला बांधलेल्या पेनने सोडवत बसले होते.

"माझ्यासाठीच," मी म्हणालो.

"अजून वाचली नाहीत?"

"वाचली आहे ना, कॉलेजात असताना. परत वाचावीशी वाटली."

काकांनी पेन खाली ठेवले. "का? तेव्हा समजली नव्हती?"

"समजली होती की."

"मग परत कशाला? आणि समजली नव्हती म्हणत असाल, तर आता समजेल कशावरून? वयाबरोबर अक्कल वाढत असती, तर आमच्या सोसायटीच्या सभा रात्री साडेअकरापर्यंत चालल्या असत्या का?"

त्यानंतर काकांनी त्या सभांची, पाण्याच्या टाकीची आणि एका माजी सेक्रेटरीची हकिकत सविस्तर सांगितली आणि मग जराही न चाचरता ते मूळ मुद्द्यावर परत आले. त्यांचे म्हणणे असे, की एका सभासदाने एक पुस्तक एकदाच न्यावे. "तुमचं जेवण झालंय. आता परत त्याच पंगतीला बसलात, तर मागच्यांनी काय उभं राहायचं?" मी मागे वळून पाहिले. मागे कोणीही नव्हते. फिरत होता तो फक्त पंखा.

अशा वेळी गप्प बसावे, हे मला कळते. पण मीही याच पेठेत वाढलो आहे. मी म्हणालो, "काका, खांडेकरांचा जन्म १८९८ सालचा आणि 'ययाति' आली १९५९ साली. खुद्द लेखकानं साठी ओलांडली होती. मग मी या वयात वाचली तर बिघडलं कुठे?"

"त्यांनी लिहिली," काका शांतपणे म्हणाले, "परत मागायला नाही आले. आणि त्या राजानं तारुण्य मागितलं ते स्वतःच्या मुलाकडे. तुम्ही महिन्याच्या वर्गणीत मागताय."

यावर बाई हसल्या. काकांचे एक वेळ सोडून देता येईल, पण हा विनोद खरोखरच चांगला होता आणि तो मला सुचला नव्हता, हे अजून बोचते आहे.

सोळाव्या वर्षी हेच पुस्तक माझ्या हातातून काढून आत्याने कपाटावर, पापडांच्या डब्यामागे ठेवले होते, कारण ते वाचण्याचे माझे वय नव्हते. आता ते वय उरलेले नाही. मधल्या काळात केव्हातरी ते योग्य वय येऊन गेले असणार. पण तेव्हा मी घराचे हप्ते, मुलीच्या क्लासची फी आणि सिंहगड रस्त्यावरची वाहतूक यांत अडकलो होतो, त्यामुळे ते मला न कळवताच निघून गेले. तेच नाट्यगीत पन्नासदा ऐकणारा माणूस आपल्याकडे रसिक ठरतो, त्याच गाडीवरची तीच मिसळ वर्षानुवर्षे खाणारा जाणकार ठरतो. तीच कादंबरी दुसऱ्यांदा उघडणारा तेवढा रिकामटेकडा! याची खरोखरच चीड येते.

पुस्तक अखेर मिळाले. रेक्झिनच्या बांधणीत आतला समास गिळला गेल्यामुळे प्रत्येक ओळीचे एक टोक पाने ताणून शोधावे लागते, आणि खांडेकरांच्या सुविचारवजा वाक्यांपुढे कुणीतरी पेन्सिलीने 'वा!' असे लिहून ठेवले आहे. ही वाक्ये मीही त्या काळी वहीत उतरवून घेतली होती. आज तिथे मी भराभर पुढे जातो आणि थांबतो ते देवयानीपाशी. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, पण कॉलेजात मी ऐकली होती ती फक्त राजाची. देवयानी मला निव्वळ कजाग वाटली होती. आता तिचा संताप पानापानाला पटतो आणि राजेसाहेबांची स्वतःविषयीची हळहळ असह्य होते.

'कोसला'चे तर याहून भय वाटते. ती १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीचे होते, आणि मी वाचली तेव्हा विशीचाही नव्हतो. खानदेशातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वडिलांचे पैसे उधळतो आणि शेवटी रिकाम्या हाताने गावी परततो, तेव्हा मी सर्वस्वी त्याच्या बाजूने होतो. आता हिशेब विचारणारा बापच बरोबर वाटू लागला, तर मी कुणाला सांगणार?

ती मागायला वाचनालयात जाण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून सरळ अप्पा बळवंत चौक गाठला. गाइड आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या ढिगाआडून दुकानदाराने 'कोसला' काढून दिली आणि विचारले, "मुलाला लागलीये का? कोणत्या वर्षाला आहे?"

"एस. वाय. बी. ए.," मी ठामपणे म्हणालो, आणि त्याने विद्यार्थी म्हणून दहा टक्के कमी केले.