चिंगीला दिवस गेलेत का?

कुत्री माजावर आली की साधारण तीन आठवडे घराचा किल्ला करावा लागतो, हे आम्हाला माहीत होतं. दूधवाल्याला नव्हतं. ग्रिल उघडं राहिलं आणि चिंगी पसार झाली. पंपरूमच्या मागून परतली ती उपास सोडून आल्यासारखी, तृप्त.

वॉचमनकाकांनी साक्ष दिली. "ताई, काळू होता. अडकलेले दोघं. मी बादलीभर पाणी टाकलं, पण ढिम्म!"

डॉक्टर आधी त्या पाण्यावरच चिडले. म्हणाले, "अर्धा तास असे अडकून राहतात. ओढाताण केली तर इजा होते. बरं, काळू एकटाच होता ना?"

"म्हणजे?"

"एका वेळच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात."

सासूबाई बाकावर टेकल्या.

नवऱ्याने हळूच खिशातून मेडिकलमधलं किट काढलं. डॉक्टरांनी ते तितक्याच हळूच परत त्याच्या खिशात घातलं. बायकांच्या किटला जे हार्मोन लागतं, ते कुत्रीत तयारच होत नाही. तिची रक्ततपासणी वेगळी असते, तीही महिनाभराने. सोनोग्राफी पंचविसाव्या दिवसानंतर, आणि पिल्लं मोजायची तर एक्स-रे अगदी शेवटी, हाडं धरल्यावर. एकूण मामला 63 दिवसांचा. "पिल्लं नको असतील तर आत्ताच बोला, उपाय आहेत. पण कुणाच्या सांगण्यावरून जुनी इंजेक्शनं देऊ नका, गर्भाशयात पू होतो." आम्ही तिघंही भिंतीवरच्या जंताच्या औषधाची जाहिरात वाचत राहिलो.

मग तो महिना! चिंगी जेवली नाही की "डोहाळे", दोनदा जेवली की "दोघांचं खातेय". शेजारच्या काकूंनी कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या. डॉक्टरांनी त्या काढून घेतल्या. आधीपासून वरून कॅल्शियम दिलं तर ऐन बाळंतपणानंतर शरीर स्वतःचं कॅल्शियम वापरायला विसरतं आणि कुत्रीला झटके येतात म्हणे. काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत.

सोनोग्राफीला चिंगीच्या पोटावरचे केस भादरले, गार जेल लावलं. सासूबाई माझ्या कानात कुजबुजल्या, "अगं, मुलगा की मुलगी विचारू नकोस हं, कायदा आहे." डॉक्टरांनी मशीन इकडून तिकडे फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाले, "काही नाही. रिकामं आहे."

हुश्श म्हणावं तर थोड्याच दिवसांत चिंगी पलंगाखालची फरशी उकरायला लागली. आचळं सुजली, चक्क दूध आलं. मला हसावं की रडावं कळेना. याला खोटं गरोदरपण म्हणतात. माजानंतर कुत्रीचे हार्मोन्स गाभण असली-नसली तरी जवळपास सारखेच वागतात. दोन-तीन आठवड्यांत ओसरतं, फक्त आचळं चोळायची नाहीत, नाहीतर दूध वाढतं. नसबंदीही हे आटोपल्यावरच.

"मशीनला काय कळतंय?" म्हणत सासूबाईंनी पलंगाखाली जुनी नऊवारी अंथरली.

एवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं: नवजात पिल्लांची संख्या व रंग लेखी कळवावेत. मी पलंगाखाली वाकून पाहिलं. चिंगी गुरगुरली. उत्तर लगेच दिलं: दोन. एक निळं, एक चॉकलेटी. दोन्ही उजव्या पायाची.