वालीचा प्रश्न आणि बॅटमनचे खोटे

नाशिकला घरी बोलणे झाले की अलीकडे एक वाद हमखास निघतो. पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मामांचे म्हणणे असे, की ज्या सुपरहिरोपटांत नायक खोटे बोलतो, कायदा हातात घेतो, माणसे मारतो आणि तरीही टाळ्या मिळवतो, ते चित्रपट मुलांच्या मनातली पाप-पुण्याची रेघच पुसून टाकतात, आणि म्हणून धर्म मानणाऱ्या घरात त्यांना जागा नसावी. त्यांच्या नातवंडांचे उत्तर ठरलेले असते: तो फक्त चित्रपट आहे. मी शिकागोच्या एका उपनगरात राहतो; २००८ सालच्या ‘द डार्क नाइट’ या बॅटमनपटातल्या गॉथम या काल्पनिक शहरातले पाठलाग याच शहरातल्या लोअर वॅकर ड्राइव्हवर आणि ला सॅल स्ट्रीटवर चित्रित झाले, त्यामुळे दोन्ही पक्ष मला आपल्या बाजूचा साक्षीदार समजतात. मला दोन्ही अपुरे वाटतात, पण मामांचे म्हणणे अधिक गंभीरपणे घ्यावेसे वाटते. ‘फक्त चित्रपट’ हे उत्तर निदान दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात तरी कोणी देऊ नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, पडद्यावर आपले राम-कृष्ण कधी दिसतील या विचाराने तो झपाटला, आणि १९१३ साली त्याने पहिला नायक निवडला तो सत्यापायी राज्य, पत्नी, मुलगा सारे गमावणारा हरिश्चंद्र. अशा चित्रपटाला धर्माने जाब विचारण्यात गैर काही नाही. कोणता जाब विचारायचा, एवढाच प्रश्न आहे.

मामांच्या युक्तिवादात एक गृहीतक लपलेले आहे, ते म्हणजे धर्मकथांतले नायक निष्कलंक असतात. त्यांच्या घरापासून काळाराम मंदिर आणि सीतागुंफा जवळ आहेत, आणि तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापल्याची जागा दाखवली जाते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात या प्रसंगाआधी दोघे भाऊ तिची थट्टा करतात, तिला एकमेकांकडे पाठवतात, आणि ती सीतेवर धावून गेल्यावर खुद्द रामच लक्ष्मणाला सांगतो की क्रूर लोकांशी थट्टा करू नये. कवीला हे वाक्य गाळता आले असते. पुढे किष्किंधाकांडात दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्या वालीला राम बाण मारतो आणि मरणाऱ्या वालीच्या तोंडी वाल्मीकी दीर्घ आरोपपत्र देतात: मी तुझे काय बिघडवले होते, आणि समोर न येता मला मारण्यात कोणता पराक्रम? रामाचे उत्तरही तितकेच सविस्तर आहे. ते पटते की नाही यावर पिढ्यानुपिढ्या चर्चा चालली आहे आणि त्या चर्चेमुळे रामभक्ती उणावलेली दिसत नाही.

महाभारताबद्दल तर बोलायलाच नको. द्रोणांना मारण्यासाठी युधिष्ठिर अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगतो आणि हत्तीचा उल्लेख पुटपुटतो. तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकतो. युद्ध जिंकले, राज्य मिळाले, तरी स्वर्गारोहण पर्वात या एका कपटापोटी त्याला नरक पाहावा लागतो. शंभर मुलगे गमावलेली गांधारी प्रत्यक्ष कृष्णाला शाप देते, तोही तो स्वीकारतो आणि छत्तिसाव्या वर्षी यादवकुळ संपते. काळोख आपल्याकडे भरपूर आहे. मात्र आपले कवी नायकाच्या प्रत्येक काळ्या कृत्याची नोंद ठेवतात: ज्याच्यावर अन्याय झाला त्याला बोलू देतात आणि नायकाकडून किंमत वसूल करतात. मला वाटते, धर्माच्या बाजूने चित्रपटाला विचारायचा जाब हाच आहे. नायक किती काळा, यापेक्षा वालीला बोलू दिले का आणि रथ खाली टेकला का, हे पाहावे.

अमेरिकेत धर्मसंस्थांनी वेगळा जाब विचारून पाहिला आहे. १९३० साली मार्टिन क्विग्ली हा कॅथलिक प्रकाशक आणि डॅनियल लॉर्ड हे जेझुइट पाद्री यांनी हॉलिवूडसाठी आचारसंहिता लिहिली. १९३४ पासून ती काटेकोरपणे लागू झाली आणि प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याकडे वळता कामा नये हे तिचे मुख्य सूत्र होते. १९५४ साली कॉमिक्सनाही अशीच संहिता आली, तिच्यानुसार प्रत्येक गोष्टीत चांगल्याचा वाइटावर विजय व्हायलाच हवा होता. मामांना हवे ते सारे त्या काळात होते. त्यातून मुले अधिक धार्मिक झाली असे म्हणण्यास मला आधार दिसत नाही. सुपरहिरोच्या गोष्टी तेवढ्या बाळबोध झाल्या. १९६८ मध्ये हॉलिवूडची संहिता जाऊन वयानुसार वर्गवारी आली, कॉमिक्सची संहिताही पुढे ढिली पडत गेली, आणि आजचे काळवंडलेले नायक हे बऱ्याच अंशी त्या बाळबोधपणावरचे उत्तर आहे.

इथल्या चर्चचे आजचे वागणेही मला फारसे अनुकरणीय वाटत नाही. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये ३३ वर्षांचा सुपरमॅन चर्चमध्ये पाद्र्याशी बोलत बसतो आणि त्याच्या मागच्या रंगीत काचेवर येशू दिसतो, चित्रपट कंपनीने तर पाद्र्यांना रविवारच्या प्रवचनासाठी सुपरमॅनवरची टिपणे पुरवली. त्याच चित्रपटाच्या शेवटी हा येशूसारखा नायक खलनायक झॉडची मान मोडतो आणि तोवर अर्धे शहर ढिगाऱ्याखाली गेलेले असते. ढिगाऱ्याखालच्या माणसांविषयी प्रवचनाची टिपणे काय म्हणणार? प्रतीक सापडले की धर्म सापडला, ही समजूत इथे आहे तशी आपल्याकडेही आहे. फरक इतकाच, की इथे प्रतीकाचा बाजार मांडला जातो आणि तिथे प्रतीकाला धक्का लागला म्हणून आरडाओरडा होतो. ‘आदिपुरुष’मधल्या हनुमंताच्या संवादांवरून २०२३ मध्ये जेवढे रण माजले, त्याच्या शतांशानेही परदेशी सुपरहिरोच्या हातून होणाऱ्या हत्यांवर कोणी बोलले नाही. २०२५ च्या ‘सुपरमॅन’ला आपल्या सेन्सॉर मंडळाने कात्री लावली ती चुंबनाला.

इथे एक बाजूचा विचार नोंदवतो. धर्म कुणाचा आणि अधर्म कुणाचा हे ज्यांना पक्के ठाऊक होते, अशाच लोकांनी २ मार्च १९३० पासून डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या सत्याग्रहींना काळारामाच्या दारात अडवून धरले. संशयाला जागाच न ठेवणारी नीती किती निर्दय होऊ शकते, हे नाशिककराला हॉलिवूडने शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच नायकाविषयी शंका निर्माण करणाऱ्या चित्रपटाला मी पहिल्याच झटक्यात अधार्मिक म्हणायला तयार नाही.

वालीची कसोटी लावली, तर ‘द डार्क नाइट’ मला बराच वरचा वाटतो. गॉथमचा लाडका सरकारी वकील हार्वी डेंट याने केलेल्या हत्या बॅटमन स्वतःच्या माथी घेतो, शहराला खोटा हुतात्मा देतो आणि पोलिसांच्या कुत्र्यांपुढे पळत सुटतो. हे नरो वा कुंजरो वाच आहे, फक्त इथे खोटे बोलणारा स्वतःची बदनामी करून घेतो. २०१२ च्या पुढच्या भागात त्या खोट्याच्या आधारे केलेल्या कायद्याने शेकडो माणसे तुरुंगात डांबलेली दिसतात, आणि खरे उघड होते ते खलनायकाच्या तोंडून, तुरुंगाच्या दाराशी. चार बोटांचे अंतर संपले, आणि तेही सर्वांदेखत. २०१६ च्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’मध्ये एक आई टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, गाठून सांगते की माझा मुलगा तुमच्या लढाईत मेला. ती गांधारीच आहे, आणि तिच्यामुळेच नायकाची झोप उडते. २०१९ च्या ‘जोकर’बद्दल मात्र माझे मत अजून पक्के होत नाही. सरकारी खर्चकपातीत औषधोपचार तुटलेल्या आजारी, गरीब माणसाविषयी करुणा वाटावी हे कोणताही कीर्तनकार मान्य करील. पण हत्येनंतर गर्दी त्याला डोक्यावर घेते, आणि आईवडिलांच्या प्रेतांजवळ उभ्या असलेल्या लहान ब्रूसला, म्हणजे पुढच्या बॅटमनला, एक शब्दही दिलेला नाही. कोलोरॅडोतल्या अरोराच्या ज्या चित्रपटगृहात २०१२ साली बॅटमनच्या मध्यरात्रीच्या खेळात गोळीबार होऊन १२ जण मेले, तिथे ‘जोकर’ लावला गेला नाही. हा निर्णय मला कोणत्याही सेन्सॉरच्या निर्णयापेक्षा अधिक धार्मिक वाटतो.

भारतात ‘जोकर’ला ‘ए’ प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांबरोबरही प्रवेश नाही. इथल्या ‘आर’ वर्गात १७ खालचे मूल पालकांसोबत बसू शकते. या बाबतीत मला इथला नियम बरा वाटतो, कारण शेजारी बसलेल्या बापाला वालीची गोष्ट सांगता येते. इथले बहुतेक बाप ती सांगत नाहीत, हे मामांनी लगेच दाखवून दिले, आणि ते खरेच आहे.

मामांच्या सगळ्या आक्षेपांत एकच मला निरुत्तर करतो. व्यासांना पुढचा भाग काढायचा नव्हता, म्हणून त्यांनी यादव संपवले आणि पांडवांना हिमालयात पाठवले. कंपनीला दर दोन वर्षांनी नायक परत हवा असतो, मग तो किंमत चुकती करणार कधी? २०१७ च्या ‘लोगन’ने ती चुकती केली होती. आयुष्यभर माणसे मारलेला लोगन ऊर्फ वूल्व्हरीन मुलांना वाचवताना मरतो, आणि त्याच्या थडग्यावरचा क्रूस तिरका करून एक मुलगी त्याचे चिन्ह तयार करते. सुपरहिरोपटांत इतके गंभीर अंत्यसंस्कार मी दुसरे पाहिलेले नाहीत. २०२४ मध्ये ‘डेडपूल अँड वूल्व्हरीन’ सुरू होतो तोच ते थडगे उकरण्यापासून. डेडपूल हा वाचाळ सुपरहिरो लोगनची हाडे बाहेर काढतो, त्यांचीच शस्त्रे करून गाण्याच्या तालावर माणसे मारतो आणि चित्रपटगृह हसते. फोनवर हे वर्णन ऐकून मामांनी विचारले, की त्या हाडे उकरणाऱ्याला पुढे कोणी काही बोलले का. कोणी बोलले नाही. चित्रपटाने जगभरात एक अब्ज डॉलरहून अधिक कमावले.